राबातले वजन गेले कोठे?

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून पेठ तालुका आहे. डोंगरउताराची जमीन, पावसाळ्यात धो धो पाऊस आणि भात, नागली, वरई ही मुख्य पिके. होळी झाली की इथल्या शेतांत राबाची लगबग दिसू लागते. ज्या तुकड्यात रोपे वाढवायची त्यावर शेण, सादड्याच्या (म्हणजेच ऐनाच्या) तोडून वाळवलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत असे थर रचतात. वरून मातीचा पातळ थर देतात आणि वारा ज्या बाजूने येतो तिच्या उलट टोकाकडून राब पेटवतात. आग वाऱ्याविरुद्ध सरकत जाते, त्यामुळे ती सावकाश जळते आणि खालची जमीन चांगली भाजून निघते. पाऊस आला की त्या भाजलेल्या जागेत बी पडते आणि पुढे रोपांची आवणी होते.

राबासाठी फांद्यांचे भारे डोक्यावरून आणावे लागतात. या कामात घरातली मुलेही असतात. भारा किती जड होता हे त्यांच्या मानेला ठाऊक असते आणि राब जळल्यावर दुसऱ्या दिवशी तेथे करड्या राखेचा पातळ थर तेवढा उरतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. तीच मुले जून महिन्यात शाळेत येतात. नववीच्या वर्गात फळ्यावर द्रव्य अक्षय्यतेचा नियम लिहिला जातो: रासायनिक बदलात द्रव्य नव्याने तयार होत नाही आणि नष्टही होत नाही. मुले तो वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, गुणही मिळवतात. पण राब जळताना एवढे वजन गेले कोठे, असे त्यांतल्या एखाद्याला विचारले तर उत्तर बहुधा येईल, ‘जळून गेले.’

आम्हांला हे उत्तर महत्त्वाचे वाटते. ते चुकीचे आहे म्हणून नव्हे, तर युरोपातल्या उत्तमोत्तम विद्वानांनी सुमारे दीडशे वर्षे याच उत्तराशी झुंज दिली म्हणून. मुलाच्या मनातली अडचण आणि विज्ञानाच्या इतिहासातली अडचण एकच आहे. तो इतिहास माहीत असेल तर शिक्षकाला नियम सांगण्याऐवजी मुलाबरोबर त्या नियमापर्यंत चालत जाता येते. या लेखात आपण ती वाट पाहणार आहोत. (लेखात सोयीसाठी ‘वजन’ हा शब्द आम्ही रोजच्या बोलण्याप्रमाणे वस्तुमान या अर्थी वापरला आहे.)

बासष्ट पौंड कोळसा, एक पौंड राख

ब्रुसेल्सचा वैद्य आणि रसायनतज्ज्ञ यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्माँट १६४४ मध्ये वारला. त्याचे लेखन त्याच्या मुलाने १६४८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातला विलोच्या झाडाचा प्रयोग जीवशास्त्राच्या पुस्तकांमुळे पुष्कळांना माहीत असतो. भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती एका कुंडीत भरून त्याने तीत ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. पाच वर्षांनी झाड १६९ पौंडांहून थोडे जास्त भरले. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती सुमारे दोन औंसच कमी झाली होती. यावरून त्याने निष्कर्ष काढला, की झाडाचे सारे लाकूड, साल आणि मुळे पाण्यापासूनच बनली.

त्याच लेखनात दुसरा एक प्रयोग आहे, तो मात्र वर्गात क्वचितच सांगितला जातो. ६२ पौंड ओकचा कोळसा जाळला तर एक पौंड राख उरते, असे त्याने नोंदवले. मग उरलेले ६१ पौंड कोठे गेले? ‘नाहीसे झाले’ असे तो म्हणाला नाही. ते भांड्यात न मावणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका द्रव्याच्या रूपाने निघून गेले, असे त्याचे उत्तर होते. या द्रव्यासाठी त्याने नवा शब्द घडवला: ‘गॅस’. आज घरोघरी स्वयंपाकघरात वापरला जाणारा हा शब्द हरवलेल्या वजनाचा शोध घेताना जन्माला आला. द्राक्षाचा रस आंबताना जो वायू निघतो तोही हाच, हे त्याच्या लक्षात आले होते.

गंमत अशी, की विलोच्या प्रयोगात न सापडलेले उत्तर कोळशाच्या प्रयोगात होते. कोळशातून जो वायू बाहेर पडतो, तोच हवेतून घेऊन विलोने आपले लाकूड बांधले होते. पण हेल्माँटने झाड तोलताना माती आणि पाणी यांचाच हिशेब केला, हवा हिशेबात धरलीच नाही. झाडाचे वजन कार्बन डायऑक्साइड आणि पाणी या दोहोंतून येते, हे वजनाच्या आकड्यांनिशी दाखवण्याचे काम स्वित्झर्लंडच्या द सोस्यूरने १८०४ मध्ये केले.

डोळ्यांना पटणारा सिद्धांत

सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या आरंभी जर्मनीत बेखर आणि त्याच्या पाठोपाठ श्टाल यांनी ज्वलनाचा एक सिद्धांत मांडला. जळणाऱ्या प्रत्येक पदार्थात ‘फ्लॉजिस्टन’ नावाचे एक तत्त्व असते. पदार्थ जळतो तेव्हा ते बाहेर पडते आणि मागे राख उरते. लाकडात फ्लॉजिस्टन पुष्कळ, म्हणून राख थोडी. कोळशात ते जवळजवळ शंभर टक्के, म्हणून तो जळल्यावर मागे काहीच उरत नाही.

आज या सिद्धांताला हसण्याची पद्धत आहे, पण ते योग्य नाही. राबाकडे पाहून कोणालाही जे वाटेल तेच फ्लॉजिस्टनवादी सांगत होते: आगीत काहीतरी निघून जाते. शिवाय या सिद्धांताने लाकडाचे जळणे आणि धातूंचे भस्म होणे या दोन अगदी वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टी एका सूत्रात बांधल्या, हे त्याचे श्रेय आहे. या दोन गोष्टी मुळात एकच आहेत, हे त्याचे म्हणणे पुढे बरोबरच ठरले.

अडचण धातूंपाशीच आली. कथील किंवा शिसे हवेत खूप तापवले तर त्याचे पांढरे अथवा पिवळे भस्म होते आणि त्या भस्माचे वजन मूळ धातूपेक्षा जास्त भरते. फ्रान्समधला डॉक्टर झाँ रे याने १६३० मध्येच हे लिहून ठेवले होते आणि ही वाढ हवेमुळे होते असा तर्कही केला होता. त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. फ्लॉजिस्टन निघून गेल्यावर वजन वाढते कसे, याचे समाधानकारक उत्तर नव्हते. फ्लॉजिस्टनला उणे वजन असते, असेही काहींनी सुचवून पाहिले.

झाकण उघडले, न उघडले

इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉईलने १६७३ मध्ये याच प्रश्नावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने कथील काचेच्या पात्रात घातले, पात्राचे तोंड वितळवून बंद केले आणि ते तापवले. मग पात्राचे तोंड उघडले. उघडताना बाहेरची हवा फुसकन आत शिरली. त्यानंतर त्याने वजन केले तर ते वाढलेले आढळले. बॉईलने अर्थ लावला, की आगीचे सूक्ष्म कण काचेतून आत जाऊन धातूला चिकटले आणि त्यांचे हे वजन आहे.

येथे वर्गात थांबावे आणि मुलांना विचारावे: बॉईलच्या जागी तुम्ही असता तर वजन केव्हा केले असते? उत्तर सोपे आहे, झाकण उघडण्यापूर्वी. रशियात मिखाईल लोमोनोसोव्हने १७५६ मध्ये नेमके तेच केले. बंद पात्र तापवण्यापूर्वी तोलले, तापवून थंड झाल्यावर न उघडता पुन्हा तोलले. वजनात फरक पडला नाही. आगीचे कण काचेतून आत येत असते तर तो पडायला हवा होता. पण सेंट पीटर्सबर्गमधले हे काम पश्चिम युरोपात पोहोचले नाही आणि प्रयोगाचा योग्य निष्कर्ष निघूनही विज्ञानाचा प्रवाह पुढे सरकला नाही.

त्याच १७५६ सालात स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅकने आणखी एक मोठी गोष्ट केली. चुनखडी किंवा मॅग्नेशियाचा कार्बोनेट भाजला की वजन घटते, हे भट्टीवाल्यांना ठाऊक होते. आजच्या आकड्यांत सांगायचे तर शुद्ध १०० किलो चुनखडीचा ५६ किलो कळीचा चुना होतो. ब्लॅकने घटलेल्या वजनाचा माग काढला. ते एका वायूचे वजन होते. त्याला त्याने ‘बद्ध हवा’ असे नाव दिले, कारण ती घन पदार्थात बांधून राहू शकत होती. हाच आपला कार्बन डायऑक्साइड. हेल्माँटने ज्याला नाव दिले पण जो हाती लागला नाही, तो वायू आता तराजूवर आला. वायू हा पदार्थच आहे, त्याला वजन आहे आणि तो घन पदार्थात शिरू वा त्यातून निघू शकतो, ही कल्पना पक्की झाल्याशिवाय द्रव्य अक्षय्यतेला काही अर्थच नव्हता.

जमाखर्चाची वही

आता आपण आंत्वान लव्होसिएकडे येतो. त्याचा जन्म १७४३ चा, पॅरिसचा. विज्ञानाबरोबर त्याचा आणखी एक व्यवसाय होता: राजासाठी कर वसूल करणाऱ्या कंपनीत तो भागीदार होता. जमा आणि खर्च यांची बेरीज जुळलीच पाहिजे, ही सवय या कामात रोजची होती. तीच सवय त्याने रसायनशास्त्रात आणली, असे म्हणायला हरकत नाही.

१७७२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे एक मोहोरबंद टिपण ठेवले. गंधक आणि फॉस्फरस जळताना वजन कमी होत नाही, वाढते, आणि ही वाढ हवेमुळे होते, असे त्यात होते. १७७४ मध्ये त्याने बॉईलचा कथलाचा प्रयोग पुन्हा केला, पण वजन प्रत्येक पायरीला केले. पात्र बंद असताना तापवण्यापूर्वी आणि नंतर वजन तेच. पात्र उघडताच हवा आत शिरली आणि वजन वाढले. ही वाढ कथलाच्या भस्मात झालेल्या वाढीइतकीच होती. म्हणजे कथलाने पात्रातली काही हवा घेतली होती आणि तिची रिकामी झालेली जागा बाहेरच्या हवेने भरून काढली होती. त्याच वर्षी इंग्लंडच्या जोसेफ प्रीस्टलीकडून, पाऱ्याच्या लाल भस्मातून निघणाऱ्या आणि मेणबत्ती झगझगीत पेटवणाऱ्या वायूची माहिती त्याला कळली. हवेचा हाच भाग ज्वलनात खर्च होतो, हे ओळखून लव्होसिएने पुढे त्याचे नाव ऑक्सिजन ठेवले. फ्लॉजिस्टनची आता गरज उरली नाही.

१७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या रसायनशास्त्राच्या ग्रंथात द्रव्य अक्षय्यतेचे तत्त्व स्पष्ट शब्दांत आले आहे. ते कोठे आले आहे हे पाहण्यासारखे आहे. धातूंच्या प्रकरणात नव्हे, तर द्राक्षरस आंबण्याच्या प्रकरणात! साखर, पाणी आणि किण्व जमेच्या बाजूला. मद्यार्क, कार्बन डायऑक्साइड आणि उरलेले पदार्थ खर्चाच्या बाजूला. त्याने जणू वहीच मांडली आणि दोन्ही बाजू समान असल्याच पाहिजेत असे म्हणून कामाला लागला. रासायनिक समीकरणात मध्ये जे समानतेचे चिन्ह किंवा बाण आपण लिहितो, त्याचे मूळ या विचारात आहे.

आता एक गोष्ट, जी पाठ्यपुस्तकांत सहसा नसते. त्या प्रकरणात लव्होसिएने साखरेचे घटक दिले आहेत: १०० भागांत कार्बन २८, हायड्रोजन ८ आणि ऑक्सिजन ६४. आज आपल्याला माहीत असलेले आकडे अनुक्रमे सुमारे ४२, ६.५ आणि ५१.५ असे आहेत. म्हणजे त्याच्या नोंदीत मोठ्या चुका होत्या आणि तरीही वही जुळली होती. यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली, लव्होसिएने हा नियम अचूक मोजमापांच्या ढिगातून शोधून काढला, हे चित्र खरे नाही. त्याने नियम आधी धरला आणि त्याच्या उजेडात मोजमापे वाचली. दुसरी, हा नियम म्हणजे निसर्गाविषयीचे विधान तर आहेच, पण त्याहून आधी ती काम करण्याची रीत आहे. बेरीज जुळली नाही तर ‘द्रव्य नष्ट झाले’ असे म्हणायचे नाही, ‘आपण काहीतरी मोजायचे राहिलो’ असे म्हणायचे आणि शोधायला लागायचे.

फ्रेंच राज्यक्रांतीत करवसुलीच्या कंपनीचे भागीदार गुन्हेगार ठरले आणि ८ मे १७९४ रोजी लव्होसिएचा शिरच्छेद झाला. पुढे १८०८ मध्ये डाल्टनचा अणुसिद्धांत पुस्तकरूपाने आला आणि नियमाला कारण मिळाले: रासायनिक बदलात अणू जोडीदार बदलतात, अणू तेच राहतात. म्हणून वजनाची बेरीजही तीच राहते.

एक कोटीत एक

रीत म्हणून स्वीकारलेला नियम खरोखर किती काटेकोर आहे, हे तपासायचे राहिलेच होते. ते काम जर्मनीच्या हान्स लांडोल्टने केले. दोन पायांच्या बंद काचनळीत प्रत्येक पायात एक द्रावण भरायचे, नळी तोलायची, मग ती कलती करून द्रावणे मिसळायची आणि पुन्हा तोलायची. त्याचे पहिले निष्कर्ष १८९३ मध्ये आले आणि अखेरचे १९०८ मध्ये. मधल्या काळात काही प्रयोगांत त्याला वजन किंचित घटलेले दिसे. त्याने बेरीज जुळत नाही असे जाहीर करण्याऐवजी कारण शोधले. अभिक्रियेच्या उष्णतेने काच किंचित प्रसरण पावते आणि तिच्या पृष्ठभागावरची आर्द्रता बदलते. काच पूर्ववत व्हायला पुष्कळ दिवस लागतात. तेवढे थांबून तोलल्यावर फरक एक कोटी भागांत एका भागापेक्षाही कमी उरला, म्हणजे तराजूच्या मर्यादेत नाहीसा झाला.

लांडोल्टचे काम चालू असतानाच १९०५ मध्ये आइन्स्टाइनने वस्तुमान आणि ऊर्जा यांचा संबंध मांडला. मग जळताना बाहेर पडणाऱ्या उष्णतेचे वस्तुमान कमी होत नाही का? होते. पण १०० किलो कोरडे लाकूड जळताना जी उष्णता मिळते, तिचे वस्तुमान सुमारे एका मिलिग्रॅमचा पन्नासावा भाग भरते. रसायनशास्त्राच्या तराजूला ते कळत नाही. हुशार विद्यार्थी हा प्रश्न विचारतात, म्हणून शिक्षकांजवळ आकडा असावा.

राबाचा हिशेब

आता ही वही आपण राबासमोर उघडू. हिशेब सोपा व्हावा म्हणून १०० किलो पूर्ण वाळलेले लाकूड घेऊ. त्यात साधारणपणे ५० किलो कार्बन, ६ किलो हायड्रोजन, ४३ किलो ऑक्सिजन आणि एक किलो राखेचे खनिज घटक असतात. (पानांत राखेचे प्रमाण याहून बरेच जास्त असते आणि शेणात त्याहूनही.) ते पूर्ण जळले तर ५० किलो कार्बनपासून सुमारे १८३ किलो कार्बन डायऑक्साइड होईल आणि ६ किलो हायड्रोजनपासून ५४ किलो पाण्याची वाफ. राख एक किलो. एकूण २३८ किलो!

म्हणजे राबातून धुरावाटे जे गेले त्याचे वजन रचलेल्या लाकडापेक्षा कमी नाही, दुपटीहून जास्त आहे. जास्तीचे १३८ किलो आले कोठून? हवेतल्या ऑक्सिजनमधून. हवेत ऑक्सिजन वजनाने सुमारे २३ टक्के असतो. तेव्हा एवढ्या ऑक्सिजनसाठी ६०० किलो हवा लागली. ही हवा सुमारे ५०० घनमीटर जागा व्यापते, म्हणजे चार वर्गखोल्या भरतील इतकी. एका वर्गखोलीतल्या हवेचे वजन सव्वाशे-दीडशे किलो असते, हे ऐकून मुले चकित होतात. त्यांना चकित होऊ द्यावे, कारण हवेला वजन आहे हे पटले की नियमातली निम्मी अडचण संपते.

या हिशेबाचा उपयोग वर्गाबाहेरही आहे आणि आपल्याकडे त्याला एक इतिहास आहे. १८७८ मध्ये पेठ संस्थान खालसा होऊन नाशिक जिल्ह्यात आले आणि त्याच वर्षी भारतीय वन कायदा झाला. राबासाठी फांद्या तोडण्यावरून सह्याद्रीच्या पट्ट्यात शेतकरी आणि वनखाते यांच्यात तंटे होऊ लागले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मुंबई सरकारने १८८५ मध्ये वन आयोग नेमला, त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राब हा त्यातला एक कळीचा मुद्दा होता. फांद्या जाळणे हा निव्वळ नाश आहे, असे एका पक्षाचे म्हणणे होते. राबाशिवाय रोप धरत नाही, असे शेतकऱ्यांचे. हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करायला आलेले इंग्लंडचे रसायनतज्ज्ञ डॉ. व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात राबाची चर्चा केली. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर या सहकाऱ्यांसह राबाचा रासायनिक अभ्यास करून तो १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. राबाचा गुण राखेत किती आणि जमीन भाजण्यात किती, हा त्यातला खरा प्रश्न होता.

‘नाश’ आणि ‘फायदा’ या शब्दांऐवजी मूलद्रव्यागणिक वही मांडली की चित्र स्पष्ट होते. कार्बन जवळजवळ सगळा हवेत जातो. पानांतल्या नायट्रोजनचाही बहुतेक भाग वायुरूपाने जातो. वाळलेल्या पानांत तो साधारण एक-दोन टक्के असतो, आणि रोपाच्या दृष्टीने हा तोटा मोठा आहे. कॅल्शिअम, पोटॅशिअम, मॅग्नेशिअम आणि बराचसा फॉस्फरस राखेत उरतात. राखेचे पाणी बोटांना बुळबुळीत लागते आणि राखेने भांडी निघतात, ती या क्षारांमुळे. दुसरीकडे, जमीन भाजल्याने तिच्यातल्याच सेंद्रिय द्रव्यात अडकलेला काही नायट्रोजन रोपांना घेता येईल अशा रूपात सुटा होतो, आणि तणाचे बी मरते. म्हणून राबातले रोप हिरवेगार दिसते. शेतकऱ्याचे निरीक्षण खोटे नव्हते. पण हा नायट्रोजन नवा आलेला नाही, जमिनीच्या साठ्यातून काढलेला आहे. राखेतला कणन् कणही रानातल्या झाडांनी मुळांवाटे ओढून घेतलेला असतो. एका जागची जमा ही दुसऱ्या जागचा खर्च आहे. राब करावा की करू नये, हे नियम सांगत नाही. कोणते मूलद्रव्य कोठून कोठे गेले हे विचारायला तो भाग पाडतो, आणि मग निर्णय डोळसपणे घेता येतो.

डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेल्या चारसूत्री भातशेतीत असाच विचार दिसतो. तीत भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत वापरतात, कारण सिलिका आणि पोटॅश जळून जात नाहीत. गिरिपुष्पाचा पाला मात्र जाळत नाहीत, हिरवाच चिखलात गाडतात, कारण त्यातला नायट्रोजन हवा असतो. काय जाळायचे आणि काय गाडायचे, हे वहीने ठरवले आहे.

वर्गात काय करता येईल

पेठसारख्या भागातल्या शाळेत महागडी साधने नसली तरी अडत नाही. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा इलेक्ट्रॉनिक काटा आता अनेक ठिकाणी मिळतो.

पहिला प्रयोग: चिमटीभर वाळलेला पाला तोलून पत्र्याच्या झाकणावर जाळा, राख थंड करून तोला. वजन घटेल. लगेच दुसरा: स्टील वूल, म्हणजे बारीक लोखंडी तारांची लोकर, मोकळी करून तशाच झाकणावर पेटवा आणि थंड झाल्यावर तोला. वजन वाढेल. (भांडी घासायची चकचकीत तार स्टेनलेस असते, ती चालत नाही.) एकाच आगीत एकाचे वजन घटते, दुसऱ्याचे वाढते. कारण मुलांना शोधू द्या. फ्लॉजिस्टनची जी कोंडी झाली, ती तुमच्या वर्गात अर्ध्या तासात उभी राहील.

तिसरा: शीतपेयाच्या एक लिटरच्या प्लास्टिक बाटलीत थोडे लिंबूपाणी घ्या. दोन ग्रॅम खाण्याचा सोडा कागदाच्या पुडीत बांधून आत टाका, झाकण झटकन घट्ट लावा आणि तोला. सोडा विरघळून फसफस थांबल्यावर, बाटली न उघडता पुन्हा तोला. आकडा तोच राहील. आता झाकण सावकाश उघडून पुन्हा तोला. आकडा काही दशांश ग्रॅमने घटेल. लोमोनोसोव्ह आणि ब्लॅक एकाच बाटलीत दिसतील. सोडा दोन ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये, काचेची बाटली घेऊ नये आणि बंद भांडे कधीही तापवू नये.

हाच प्रयोग बाटलीच्या तोंडाला फुगा लावून करण्याची पद्धत आहे. तेथे एक खाच आहे. फुगा फुगला की तो बाहेरची हवा बाजूला सारतो आणि पाण्यात लाकूड जसे हलके होते तसा हवेत हलका होतो. एक लिटर फुगलेल्या फुग्याने काटा सुमारे १.२ ग्रॅम कमी दाखवतो. द्रव्य हरवलेले नसते, हवेने उचलून धरलेले असते. अशा वेळी ‘काटा चुकला’ असे सांगून पुस्तकातला आकडा फळ्यावर लिहिण्याचा मोह होतो. तो टाळावा. लांडोल्टनेही तो टाळला होता.

आमच्या प्रयोगशाळेतही एखाद्या पदार्थातली राख काढायची असते तेव्हा मुशीत तोललेला नमुना भट्टीत जाळतात, कोरड्या हवेत थंड करतात, तोलतात, पुन्हा तापवतात आणि पुन्हा तोलतात. लागोपाठ दोन वजने सारखी येईपर्यंत हे चालते. यात बुद्धीपेक्षा सबुरी जास्त लागते. द्रव्य अक्षय्यतेच्या नियमाने माणसाला शिकवलेली ही सवय आहे: आकडा जुळला नाही तर आधी स्वतःची वही तपासा.

पुढच्या वेळी हा पाठ घ्याल तेव्हा नियम फळ्यावर शेवटी लिहावा, अशी आमची सूचना आहे. आधी मुलांना विचारा, की एका राबाला किती भारे लागतात, राख किती टोपल्या निघते आणि मधले वजन कोठे गेले. ‘जळून गेले’ हे उत्तर आले तर त्यावर फुली मारू नका. जळून गेले म्हणजे नेमके कोठे, एवढेच पुढे विचारा.